दोन वाजता सगळं बंद

माझं काम म्हणजे खोटं पकडणं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आहे मी, सव्वीस वर्षं झाली. कुठे दुकान जळालं, कुठे गोदामात पाणी शिरलं, कुठे गाडी खांबावर आपटली की मला फोन येतो. मी जातो, फोटो काढतो, माणसाला बोलतं करतो आणि शेवटी दोन ओळी लिहितो: नुकसान कशाने झालं आणि कोणामुळे झालं. त्या दोन ओळींवर लोकांचं बरंवाईट ठरतं. त्यामुळे बोलण्यात जरा तोरा आलाय, हे मला कबूल आहे. आमच्या इमारतीत तोंडावर मला सर्व्हेअरसाहेब म्हणतात आणि पाठीमागे 'पंचनामा'. हे कळलं तेव्हा राग यायच्याऐवजी मला बरंच वाटलं होतं, काय सांगू!

आता जे सांगायचंय त्याला जीभ रेटत नाही. पण सांगतो. आधी डबीचं सांगायला हवं.

उन्हाळा लागता लागता मी ती डबी आणली. काळी, गुळगुळीत, साबणाच्या वडीएवढी. घरातल्या सगळ्या रिमोटांचं काम ती एकटी करते. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो ना, तोच ती चारी बाजूंना फेकते, आणि वायफाय जोडलं की फोनवरून कुठूनही तिला हुकूम सोडता येतो. मी ऑफिसातून निघताना एसी लावायचो आणि घरी पोचेपर्यंत खोली गार. पहिला आठवडाभर येईल त्याला मी हे करून दाखवलं. दूधवाल्यालासुद्धा दाखवलं. बायको म्हणाली, "अहो, त्याला जाऊ द्या, त्याचं दूध नासेल."

पण डबी आणायचं खरं कारण बायकोच होती. ती ग्रंथालयात दुपारच्या पाळीला असते, दीडला घरातून निघते, आणि निघताना एसी हमखास चालू ठेवून जाते. मी सांगून सांगून थकलो. म्हणून मी डबीला वेळापत्रकच लावून दिलं. सोमवार ते शनिवार, दुपारी दोन वाजता, सगळं बंद. आणि इथे मी माझी अक्कल चालवली. ही डबी नुसती ओरडते, समोरच्या मशीनने ऐकलं की नाही ते तिला कळत नाही. मध्ये पडदा आला, कुणी उभं राहिलं, की हुकूम वाया. म्हणून मी दोननंतर दर अर्ध्या तासाने, पाच वाजेपर्यंत, पुन्हा पुन्हा 'बंद' सोडायची सोय केली. टीव्हीचं बटण एकच असतं, दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, त्यामुळे टीव्हीला हे जमत नाही. एसीचं बंद म्हणजे बंदच. कितीदाही सांगा, बिघडत काही नाही. एकदा सांगून ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं, आमच्या घरात तशीही तीच रीत आहे.

डबी ठेवली झोपायच्या खोलीत, खिडकीलगतच्या फळीवर. आणि आमची ती खिडकी समोरच्या घराच्या खिडकीला अगदी तोंडाला तोंड देऊन आहे. मध्ये हवा यायला ठेवलेली अरुंद मोकळी जागा, एवढी अरुंद की दोन्ही घरच्या काठीवरचे टॉवेल वाऱ्याने एकमेकांना लागतात.

समोर राहतात बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका, एकट्या, शिस्तीच्या, सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. त्यांच्याकडे त्यांच्या आई असतात. आजी अंथरुणाला खिळलेल्या. एक बाजू गेली आहे, बोलणं जड झालंय, एक वाक्य पुरं व्हायला चहा निवावा लागतो, पण समजतं सगळं. पाठीला जखमा झाल्यामुळे घाम चालत नाही, खोली सतत गार ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाई एसी घ्यायला निघाल्या तेव्हा सल्ल्याला माझ्याकडेच आल्या. मी म्हटलं, "डोळे झाकून आमचाच घ्या." त्यांनी तोच घेतला, अगदी त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा.

आणि दिवसभर आजींना सांभाळायला होत्या मावशी. पन्नाशीच्या, सडपातळ, केस घट्ट बांधलेल्या. रुग्णसेवेच्या ब्यूरोकडून आलेल्या. तीन वर्षं त्या आजींचं सगळं करत होत्या. आमच्या खिडकीतून दिसायचं: दर दोन तासांनी आजींना कुशीवर वळवायच्या, पाठ पुसायच्या, औषध लावायच्या, आणि हे सगळं करताना आजींशी गप्पा. आजींचं एक वाक्य होईपर्यंत मावशी हात थांबवून उभ्या राहायच्या. मला तर बघूनच धीर सुटायचा.

उन्हाळा तापला तशी मावशींनी बाईंकडे तक्रार केली, दुपारी एसी आपोआप बंद पडतो. बाईंनी मेकॅनिक बोलावला. तो सकाळी आला, दोन तास एसी चालवून बघितला, काही दोष नाही म्हणाला आणि गेला. मावशी पुन्हा म्हणाल्या, बंद पडतो. बाई रविवारी दिवसभर घरी थांबल्या. एसी सकाळपासून रात्रीपर्यंत ठणठणीत चालला. आता सुट्टीच्या दिवशी चालतो आणि मावशी एकट्या असतात तेव्हाच बंद पडतो म्हटल्यावर बाईंच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको.

मग एका बुधवारी मावशी न्हाणीघरात चादरी धूत होत्या, नळ सुरू होता, आणि एसी बंद पडलेला त्यांना कळला नाही. पाऊण तासाने खोलीत आल्या तर आजी घामाने निथळत होत्या, अंग तापलेलं. डॉक्टर आले, सलाइन लागलं. बाई शाळेतून धावत आल्या. आणि संध्याकाळी त्यांनी माझं दार वाजवलं.

"सर्व्हेअरसाहेब, जरा येता का? तुम्हीच काय ते सांगा."

मी गेलो. गेलो कसला, मिरवत गेलो. हातात मीटर, खिशात टॉर्च. आजी पलंगावर होत्या, डोळे उघडे. मावशी पायथ्याशी उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी एसीची जाळी काढून बघितली, प्लग तपासला, व्होल्टेज मोजलं, रिमोटची बॅटरी काढून परत घातली. सगळं ठीक. मग मी माझं ठेवणीतलं काम सुरू केलं. आमच्या धंद्यात एक युक्ती आहे: माणसाला दटावायचं नाही. गोड बोलायचं, त्याला बोलू द्यायचं, तो स्वतःच्या तोंडाने अडकतो.

"मावशी, घाबरू नका," मी म्हटलं. "कसा बंद होतो तेवढं सांगा. एकदम? की गुरगुर करून, हळूहळू?"

"एकदम, साहेब. आधी टिट् असा आवाज होतो, मग ते झाकण खाली येतं, आणि बंद."

"टिट् होतो?"

"हो. दर वेळी. आणि साहेब, बरोबर…"

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. मला हवं ते मिळालं होतं. मी बाईंकडे वळून म्हटलं, "ऐकलंत? वीज गेली तर टिट् होत नाही. मशीन बिघडलं तर टिट् होत नाही. टिट् फक्त एकाच वेळी होतो, रिमोटचा हुकूम पोचला की. आणि रिमोट या खोलीत एकच आहे. मशीन खोटं बोलत नाही, बाई. कुणीतरी बटण दाबलंय."

हे मी बोललो. असंच्या असं. वर हसलोसुद्धा.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. "साहेब, मी कशाला दाबीन? मी तर दर वेळी उठून परत लावते."

"गारठा सोसत नसेल," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, शाळेतल्यासारखा थंड होता. "बोलला असतात तर मी स्वेटर दिला असता. खोटं कशाला बोललात?"

"आजींची शपथ घेते."

"माझ्या आईची शपथ घेऊ नका."

मावशींनी रिमोट टेबलावर नीट सरळ ठेवला. आजींच्या कपाळावरून एकदा हात फिरवला, पिशवी उचलली आणि गेल्या. मी घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. "अर्ध्या मिनिटात पकडली," मी म्हटलं. बायको भाजी निवडत होती. ती फक्त म्हणाली, "तीन वर्षं केलं हो तिने त्यांचं." मी म्हटलं, "अगं, चोराला काय शिंगं असतात?"

दीड महिना गेला. बाईंकडे नवी बाई आली, तरुण, कमी बोलणारी. बाई मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचे उपकार झाले. आता एसीचा काही त्रास नाही." मी म्हटलं, "अहो, त्यात कसले उपकार!" आणि मान डोलावत वर आलो. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग मला ताप आला. साधाच, पण दोन दिवस रजा टाकली. बायको दीडला निघून गेली, मी पलंगावर पडलो होतो. खिडकी किलकिली उघडी होती, समोरचीही. नव्या बाईने ओला फडका वाळत घातला होता, त्यामुळे फट राहिली होती. मला गुंगी आली होती. दोन वाजले. आमच्या एसीने टिट् केलं आणि झाकण खाली आलं.

आणि लगेच, जरा लांबून, दुसरं टिट्.

मला वाटलं तापामुळे कान वाजताहेत. मी मान वळवली. समोरच्या खोलीत एसीचं झाकण खाली येत होतं. सावकाश, आमच्यासारखंच. खुर्चीवर बसलेली नवी बाई उठली, तिने टेबलावरचा रिमोट घेतला, एसी लावला आणि पुन्हा बसली. तिला जराही नवल वाटलं नव्हतं. रोज दार लावावं तसं तिने ते केलं.

मी उठून बसलो. अडीच वाजेपर्यंत तसाच घड्याळाकडे बघत बसलो. मनात म्हणत होतो, देवा, तेवढं नको. अडीचला आमचा एसी आधीच बंद होता, त्याने नुसतं टिट् केलं. समोर टिट्, झाकण खाली. ती उठली, लावला, बसली. तीनला पुन्हा. साबणाच्या वडीएवढी माझी डबी आमची खिडकी आणि त्यांची खिडकी ओलांडून, काचेतून आरपार, दर अर्ध्या तासाने बाईंच्या एसीचा गळा दाबत होती. रविवारी नाही. रविवार मीच वगळला होता. संध्याकाळी मी फोनवरून 'चालू' सोडायचो तेव्हाही तिकडे टिट् होत असणार, पण तेव्हा तो आधीच चालू असायचा, कोण लक्ष देतं?

मावशी 'बरोबर' म्हणून पुढे काय सांगणार होत्या ते तेव्हा माझ्या डोक्यात उजाडलं. बरोबर दोनला. बरोबर अडीचला. तेवढं एक वाक्य पुरं ऐकलं असतं, तर त्याच क्षणी मला कळलं असतं. ते वेळापत्रक मीच तर लावलं होतं.

अशा वेळी भला माणूस काय करेल? धावत समोर जाईल. मी काय केलं? फोन उघडला आणि आधी ते वेळापत्रक पुसून टाकलं. सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो की जागेवरच्या वस्तूला हात लावू नका, पुरावा असतो. आणि स्वतःवर वेळ आली तसा पहिला पुरावा पुसला. मग डबीची वायर काढली आणि ती मोज्यांच्या खणात, तळाशी घातली.

त्यानंतर अकरा दिवस मी गप्प राहिलो. मनाशी किती सबबी केल्या! आता सांगून काय उपयोग? मावशींना दुसरं काम मिळालंही असेल. आजी आता बऱ्या आहेत. उगाच झाकली मूठ उघडायची कशाला? पण एकही सबब टिकेना. ऑफिसात एका गाडीवाल्याचा जबाब घेत होतो, तो म्हणाला, "साहेब, मी खरं सांगतोय," आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी न वाचताच सही केली.

बाराव्या दिवशी बायकोने पकडलं. "डबी कुठे गेली?"

"बिघडली."

"मग दुरुस्तीला द्यायची सोडून मोज्यांत काय करतेय? थंडी वाजते का तिला?"

मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ती उभ्याउभ्या ऐकत होती. मला वाटलं, आता चिडेल. चिडली नाही. तेच वाईट झालं. म्हणाली, "अकरा दिवस तुम्ही माझ्या हातचं जेवताय आणि पोटात हे घेऊन फिरताय?" आणि वर, "मग इथे काय बसलाय? जा."

बाईंकडे गेलो. त्या वह्या तपासत होत्या. मी बोलत गेलो तसा त्यांचा पेनवाला हात थांबला. माझं संपलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे मी तिला खोटारडी म्हटलं."

"माझ्या सांगण्यावरून म्हटलंत."

"पण म्हटलं मीच." त्यांनी वही मिटली. मग आवाज खाली आला. "आता या नव्या बाईची घडी बसलीये. ही बातमी फुटली तर ब्यूरोवाले मला माणूस देणार नाहीत. तुम्ही… असं करा, सध्या कुणाजवळ बोलू नका. मी बघते काय करता येतं ते."

आणि मला हायसं वाटलं! खोटं कशाला बोलू? पाय मोकळे करायला जिना उतरताना अंग हलकं झालं. सांगून झालं, आता बाई बघतील. खाली पोचलो तर नवी बाई दुधाची पिशवी घेऊन वर येत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "एसी दुपारी बंद पडायचा, ते तुम्ही बाईंना कधी सांगितलं नाही?"

तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "आधीचीने सांगितलं, ती गेली," ती म्हणाली. "मला काम हवंय." आणि जिना चढून गेली.

खरं बोलली तिला काढलं आणि तोंड शिवून बसली ती टिकली. हा माझा न्याय. मी तसाच पुन्हा घरी गेलो आणि बायकोला म्हटलं, "ब्यूरोचा पत्ता माहीत आहे का तुला?" तिने आधीच काढून ठेवला होता. चिठ्ठी माझ्या पाकिटाखाली होती.

ब्यूरोची बाई टेबलावरच्या रजिस्टरात बोट फिरवत म्हणाली, "ती? तिचं नाव आम्ही नाही हो काढलं. आम्ही दुसरं घर देत होतो. तिनेच काढून घेतलं. म्हणाली, मला यापुढे पेशंट देऊ नका. वीस वर्षं केलेली बाई! आता हॉस्पिटलांचे कपडे धुतात ना, त्या लाँड्रीत आहे."

लाँड्री म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची शेड. आत वाफ, साबणाचा आणि जळक्या कापडाचा वास, गरगरणाऱ्या मोठ्या मशीन. दोन दोन बायका समोरासमोर उभ्या राहून चादरीची टोकं धरत होत्या, झटकत होत्या, घड्या घालत होत्या. मावशी तिसऱ्या टेबलाशी होत्या. त्यांनी मला ओळखलं. चादर सोडली नाही, घडी पुरी केली आणि मगच जोडीदारणीला थांब म्हणून खुणावलं.

"बोला साहेब. आता काय हरवलं?"

मी वाटेत वाक्यं जुळवली होती. सगळी विसरलो. तसाच, आडवंतिडवं, डबीचं, खिडकीचं, दोन वाजताचं सांगत सुटलो. मशीनच्या आवाजात मला ओरडावं लागत होतं. आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. एकीने हातातली चादर टेबलावर ठेवून दिली. ऐकू दे, म्हटलं. त्यांना खोटं ठरवलं तेव्हा मी कुठे हळू बोललो होतो?

मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मी बंद केला नव्हता?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही, मावशी."

त्या मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसल्या. मला वाटलं, शिव्या देतील, मी तयारीनेच आलो होतो. त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

"तुम्ही एवढं शिकलेले," त्या म्हणाल्या. "म्हणालात, कुणीतरी बटण दाबलंय. खोलीत मी आणि आजी. आजींना हात उचलत नाही. मग मीच ना? घरी जाऊन मी तेच तेच आठवत बसले. वाटलं, वय झालं, बसल्या जागी डोळा लागत असेल, झोपेत हात जात असेल. ब्यूरोने दुसरी पेशंट दिली होती. ऑक्सिजनवरची. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, आज एसी बंद केला, उद्या झोपेत हिची नळी काढली तर?"

चोरीचा आळ घेतला असता तर त्यांनी मला चार शब्द सुनावले असते आणि मोकळ्या झाल्या असत्या. मी त्यांचा स्वतःवरचाच भरवसा काढून घेतला होता. वीस वर्षं ज्या हातांनी त्यांनी माणसं सांभाळली, त्या हातांची त्यांना भीती बसवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्यापुढे हात जोडले. त्यांनी बघितलंही नाही.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या.

मी तिथेच टेबलावर, घड्या घातलेल्या चादरींच्या शेजारी, लिहून दिलं. अशा दोन ओळी मी हजारदा लिहिल्या असतील. नुकसान कशाने झालं: माझ्या घरातल्या यंत्राने. कोणामुळे झालं: माझ्यामुळे. खाली नाव, हुद्दा, सही. मावशींनी कागद दोनदा वाचला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

"हा उद्या ब्यूरोत दाखवते," त्या म्हणाल्या. उठल्या, मग थांबल्या. "आजींना सांगितलंत?"

"बाईंना सांगितलं."

"मी बाईंचं विचारलं का?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "त्यांच्या उशाशी उभं राहून मला खोटं पाडलंत. त्यांना ऐकू येतं, कळतं. ही बाई मला मुद्दाम उकाड्यात ठेवायची, असं त्यांच्या मनात घालून आलात तुम्ही. रोज रात्री पडल्या पडल्या मला तेच खातं. बाकी कुणी काही म्हणू दे हो."

रविवारी सकाळी आम्ही तिघं बाईंच्या दारात उभे राहिलो. मी, मावशी आणि माझी बायको. बायको म्हणाली होती, "मी येते, नाहीतर तुम्ही अर्ध्यातून परत फिराल." बाईंनी दार उघडलं, मावशींना बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्या बाजूला झाल्या.

आजी कुशीवर होत्या, तोंड आमच्याकडे. मावशी दारातच थांबल्या, पुढे जाईनात. मी पलंगाशी गेलो, खाली बसलो, आजींच्या डोळ्यांच्या रेषेत. आणि सांगितलं. या वेळी सावकाश, एकेक गोष्ट. की मावशींनी कधीच एसी बंद केला नाही, तो माझ्या घरातून बंद होत होता, मला कळत नव्हतं, आणि न कळतासवरता मी त्यांना दोषी ठरवलं.

आजींचे ओठ हलले. "म… ला…"

बाई पुढे झाल्या. "तिला पाणी हवंय."

"नको," दारातून मावशी म्हणाल्या. "थांबा. त्यांचं होऊ द्या."

आम्ही थांबलो. मी आयुष्यात कुणाचं वाक्य संपायची इतकी वाट बघितली नव्हती. तीनदा माझ्या जिभेवर पुढचा शब्द आला, तीनदा गिळला. आजी एकेक शब्द ओढून काढत होत्या, मध्ये दम घेत होत्या, आणि नजर माझ्यावरून हलत नव्हती.

"मला… माहीत… होतं. मी… बघत… होते. तिने… हात… लावला… नाही."

मावशींनी तोंडावर पदर घेतला. बाई भिंतीकडे वळल्या. त्या खोलीत दोन महिन्यांपूर्वी मी मीटर लावला, टॉर्च मारली, बॅटरी काढून बघितली. आणि सगळं डोळ्यांनी पाहिलेला एकुलता एक साक्षीदार तिथेच, माझ्या कोपरापासून हातभर लांब पडला होता. कुठल्याही जळक्या दुकानात मी पहिला प्रश्न विचारतो, तेव्हा इथे कोण होतं? इथे मी तो विचारलाच नव्हता.

मला वाटलं, झालं त्यांचं बोलून. मी उठायला लागलो. त्यांनी चांगल्या हाताचं बोट चादरीवरून किंचित उचललं, बसा म्हणून. मी पुन्हा बसलो.

"तुम्ही…" त्या म्हणाल्या, आणि खूप वेळ लागला. कुणी हललं नाही. "मला… विचारलं… नाही."